तळ्याकाठचा मुक्काम : आधी वारा पाहा, मग सामान उतरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन कुटुंबं, चार मोठी माणसं, पाच ते तेरा वयाची पाच मुलं. तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री राहायचंय. याआधी तंबूत कुणीच झोपलेलं नाही. विचारणाऱ्यांना पहिल्यांदाच गळ टाकून बघायचाय, मुलांना डुंबायचंय, आणि सगळ्यांचा आग्रह असा की तंबू अगदी पाण्याला लागून हवा. म्हणजे तिथेच झोपू, तिथेच पोहू, तिथेच मासे धरू. जमेल का?

नाही जमणार. जमल्यासारखं वाटलं तरी जमवू नका. झोपायला जी जागा चांगली ती पोहायला क्वचितच चांगली असते, आणि जिथे मासे लागतात तिथे मुलांनी उतरू नये. कोणती जागा कशासाठी हे बरंचसं वारा ठरवतो. मी बावीस वर्षं गट घेऊन तळ्यांवर मुक्कामाला जातोय, त्यात बहुतेक शाळकरी मुलंच. अजूनही पोचल्यावर पहिला अर्धा तास मी सामान गाडीतून काढू देत नाही. मुलं वैतागतात. वैतागू द्या. त्यांना घेऊन काठाने एक फेरी मारा.

फेरीत काय बघायचं? वाळलेलं गवत चिमटीत चुरून हवेत सोडा, कुठे जातंय ते पाहा. मग पाण्याकडे बघा. एका काठाला पाणी काचेसारखं स्थिर असेल. समोरच्या काठाला बारक्या लाटा थपथप करत असतील आणि तिथे फेस, पानं, काटक्या, पिसं साठलेली दिसतील. जिथून वारा जमिनीवरून पाण्याकडे निघतो त्याला मी मुलांना शिकवताना ‘आडोशाचा काठ’ म्हणतो आणि जिथे तो पाणी ओलांडून येऊन धडकतो त्याला ‘आदळता काठ’. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

नवखा माणूस हमखास आडोशाच्या काठावर पोरांना सोडतो. पाणी शांत, लाटा नाहीत, वाऱ्याचा त्रास नाही. मीही सोडलं होतं. माझा भाचा तेव्हा नऊ वर्षांचा, हवा भरायचं एक रबरी कासव घेऊन आला होता. कासवावर पोटावर पडून तो हातांनी पाणी कापत होता. मी शेजारी एका दोरीला गाठ मारत बसलो होतो, फार तर तीन-चार मिनिटं. मान वर केली तर कासव चाळीस-पन्नास पावलं आत, आणि हा पोरगा जिवाच्या आकांताने काठाकडे हात मारतोय तरी मागेच चाललाय. काठालगत झाडी होती म्हणून तिथे वारा लागत नव्हता. झाडीची आड संपली की तो थेट पाण्यावर उतरतो, आणि हवा भरलेलं कासव म्हणजे चालतं शीडच. मी कपड्यांनिशी गुडघाभर पाण्यात धावलो आणि थांबलो. पोहून गाठणं शक्य नव्हतं हे डोळ्यांना दिसत होतं. मग ‘कासव सोडू नकोस, घट्ट धरून पडून राहा’ एवढंच घसा बसेपर्यंत ओरडत राहिलो. नावेत बसून मासे धरणाऱ्या दोघांनी त्याला समोरच्या काठाच्या अलीकडे गाठलं. पोराला काही झालं नाही, कासवालाही नाही. त्या दिवशी माझ्या हातून एक दोरी बांधली गेली नाही, बाकी सगळं ठीक झालं असं म्हणायचं.

तेव्हापासून नियम एकच: वारा काठाकडून पाण्याकडे जात असेल तर हवेने फुगणारी कुठलीही वस्तू पाण्यात न्यायची नाही. गाद्या नाहीत, टायरची ट्यूब नाही, रबरी बदकं नाहीत. आणि चेंडू आत गेला तर गेला. चेंडूच्या मागे पोहत जाणारा माणूस दर हाताला ‘आता पोचलोच’ असं म्हणत पुढे जात राहतो आणि परतीचं अंतर विसरतो. मुलांना हे घरीच सांगून ठेवा, काठावर सांगून उपयोग होत नाही.

मग आदळता काठ बरा का? तिथे फुगलेली वस्तू आपोआप परत येते हा मोठा फायदा. वरचं ऊन लागलेलं पाणीही वारा त्याच बाजूला ढकलतो, त्यामुळे तिथे पाणी जरा कोमट लागतं. उलट जोराचा वारा सलग वाहिला की आडोशाच्या काठाला खालचं गार पाणी वर येतं. काल कोमट होतं ते आज बर्फासारखं कसं, या कोड्याचं उत्तर बहुधा हेच. पण वारा कोमट पाण्याबरोबर कचराही ढकलतो. उन्हाळ्याच्या शेवटी काही तळ्यांत नीलहरित शेवाळ माजतं. नाव शेवाळ असलं तरी ते खरं तर जिवाणू आहेत आणि त्यातल्या काही जाती विष तयार करतात. पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग दिसला की समजावं. शंका आली तर एक काठी पाण्यात फिरवून वर काढा. लांब केसांसारखे धागे काठीला लटकले तर ते साधं शेवाळ, किळसवाणं पण सहसा निरुपद्रवी. काठीला रंग चढल्यासारखा हिरवा लेप बसला तर मुलं नकोत, कुत्रा असेल तर तोही नको, आणि ते पाणी स्वयंपाकालाही नको. उकळल्याने जंतू मरतात, हे विष जात नाही.

दुसरा त्रास अंगाच्या खाजेचा. पाणपक्षी आणि गोगलगायी यांच्यामध्ये फेऱ्या मारणारे सूक्ष्म परजीवी चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. लाल पुरळ उठतं, काही दिवस खाज सुटते, मग जातं. तेही उथळ आदळत्या काठालाच जास्त असतात. बाहेर आल्या आल्या पंचाने खसाखसा अंग पुसलं तर बराच त्रास वाचतो. उन्हात उभं राहून अंग वाळू देणं हे नेमकं चुकीचं.

एकूण काय, पोहायला मी वाऱ्याला आडवा पडणारा काठ शोधतो. वारा काठालगत वाहतो, फार तर जरासा काठाकडे झुकलेला, तळ हळूहळू उतरत गेलेला आणि पाणी नितळ. कॅम्पग्राउंडने तरंगत्या दोरीने आखलेली पोहण्याची जागा असेल तर तीच घ्या, पण गवताची चिमूट तिथेही सोडून बघा. दोरी आखली त्या दिवशी वारा कुठून होता हे दोरी सांगत नाही. शिवाय वारा दिवसभर एकसारखा राहत नाही. समुद्रकाठी दिवसा पाण्याकडून आणि रात्री जमिनीकडून वारा वाहतो, तसं मोठ्या तळ्यांवरही होतं. सकाळी आठला शांत असलेली जागा दुपारी दोनला वेगळीच असते. म्हणून फेरी रोज मारायची, दुपारच्या जेवणानंतर पुन्हा एकदा.

आता पाण्यात उतरण्याबद्दल. मुलांच्या आधी मोठ्या माणसाने, पायात जुने बूट घालून आणि हातात काठी घेऊन, सगळी जागा चालून काढायची. वरून बघून खोलीचा अंदाज करू नका. प्रकाश वाकल्यामुळे सरळ वरून पाहिलं तरी खोली पाऊण भागच दिसते, म्हणजे चार फूट पाणी तीन फूट वाटतं, आणि काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. चालताना पावलाखाली तीन गोष्टी शोधायच्या: घोट्याच्या वर रुतवणारा गाळ, बुडालेल्या फांद्या किंवा तारा, आणि ठाव सुटतो ती कड. धरण बांधून झालेल्या जलाशयांत ही कड फार फसवी असते, कारण खाली बुडालेली जमीन असते. जुना बांध, जुनी वाट, नदीचं जुनं पात्र. दहा पावलं कंबरभर पाणी आणि अकराव्या पावलाला काहीच नाही, हे मी स्वतःच्या पायाने अनुभवलंय. पोहता न येणाऱ्या मुलांची हद्द त्यांच्यातल्या सगळ्यात लहान मुलाच्या कमरेइतक्या पाण्यापर्यंत. काठावर दोन काठ्या रोवा. त्यांच्या मधलं पाणी आपलं, बाहेरचं परकं.

पाणी किती नितळ आहे हेही मोजा. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती कुठवर दिसते ते मोजलं होतं, आणि तळ्यांचे अभ्यासक आजही तशीच तबकडी वापरतात. तुमच्याकडे पांढरी ताटली आणि दोरी असेल तर मुलांना हा प्रयोग फार आवडतो. मला त्यातून एवढंच हवं असतं: मुलं जेवढ्या पाण्यात उभी राहणार आहेत तेवढ्या खोलीवर ताटली स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तिथे बुडालेलं मूलही दिसणार नाही.

गारवा हा दुसरा धोका. उन्हाळ्यात खोल तळ्याचं पाणी थरांत वाटलं जातं: वर कोमट, खाली गार, आणि मध्ये एक पातळ थर जिथे काही हातांच्या आत तापमान धाडकन उतरतं. पाणी सुमारे 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून गार पाणी खाली बसून राहतं. वरवर पोहताना कळत नाही, सूर मारला की कळतं. 15 अंशांच्या खालच्या पाण्यात अचानक पडलेला माणूस स्वतःच्या इच्छेविरुद्ध मोठ्याने श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पुढचं सांगायला नको. हा झटका साधारण एक ते तीन मिनिटांत ओसरतो. तोवर हातपाय न मारता उताणं तरंगायचं. तेरा वर्षांच्या मुलाला हे शिकवता येतं. पाच वर्षांच्या मुलासाठी सूर मारायला पूर्ण बंदी हाच उपाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याच बाबतीत हुशार माणसंही चुकतात. बुडणारं माणूस ओरडत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रण करून हे दाखवून दिलं. तोंड पाण्याच्या वर आलं तर तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला उसंतच नसते. हात वर हलत नाहीत, कडेला पसरून पाणी खाली दाबत राहतात. अंग उभं राहतं, पाय चालत नाहीत. हे सगळं वीस ते साठ सेकंदांत आटोपतं. लांबून मूल पाण्यात उभं राहून वर बघतंय असं वाटतं. आवाज करणाऱ्या, पाणी उडवणाऱ्या मुलांची मला काळजी नसते. एखादं मूल एकदम गप्प झालं की मी उठतो.

म्हणून चार मोठ्यांपैकी एकजण ‘टोपीवाला’. एक भडक रंगाची टोपी आणि शिट्टी. ती ज्याच्याकडे, त्याने फक्त पाण्याकडे बघायचं. फोन नाही, गप्पा नाहीत, वाचन नाही, दारू तर अजिबात नाही. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि देताना मुलं मोजून द्यायची: ‘पाच आहेत, पाच घेतली.’ चारही मोठी माणसं काठावर बसून ‘सगळेच लक्ष ठेवतोय’ म्हणतात तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं. टोपी असली तरी पोहता न येणाऱ्या मुलाजवळ एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात हवं. दंडाला बांधायचे फुगे हे खेळणं आहे, सुरक्षेचं साधन नाही. मापाचं, पट्टे आवळलेलं जीवरक्षक जाकीट द्या. काठावर पंधरा मीटर दोरी आणि तिच्या टोकाला बांधलेला, अर्धा पाण्याने भरलेला, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा कॅन ठेवा. तो लांब फेकता येतो आणि तरंगतो. कुणी गटांगळ्या खायला लागलं तर आधी काठी पुढे करा, नाहीतर कॅन फेका, नाव असेल तर नाव न्या. भावनेच्या भरात उडी मारणारा दुसरा बळी ठरतो.

बाहेर काढलेलं माणूस श्वास घेत नसेल तर मदत बोलवायला एकाला पिटाळा आणि तुम्ही तोंडाने श्वास देण्यापासून सुरुवात करा, मग छातीवर दाब. 30 दाब, 2 श्वास, असं मदत येईपर्यंत. पोट दाबून पाणी काढणं, उलटं लटकावणं यात वेळ जातो आणि उलटी श्वासनळीत जाण्याची भीती असते. हे वाचून येणारं काम नाही. निघण्याआधी चौघांपैकी दोघांनी तरी प्रथमोपचाराचा वर्ग करून या.

एवढं भीतीदायक बोलून झालं, आता गळ.

तुमच्या माशांना तोच आदळता काठ आवडतो. वारा एक-दोन दिवस एकाच बाजूने वाहत असेल तर सूक्ष्म जीव तिकडे ढकलले जातात, त्यांच्या मागे बारके मासे, त्यांच्या मागे मोठे. लाटांमुळे पाणी थोडं ढवळलेलं असतं, त्यामुळे काठावरचा माणूस माशांना नीट दिसत नाही. म्हणजे वाऱ्याने केस विस्कटणारी, बसायला नकोशी वाटणारी जागा तुमची. पहाटे उजाडण्याच्या सुमाराला आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर तिथे जा. तेव्हा पोरं तंबूत असतात किंवा जेवणावर, त्यामुळे गळ आणि पोहणं यांची गाठच पडत नाही. दुपारी मासे सावलीला किंवा जरा खोल जातात. मात्र सगळ्यात खोल जागी सगळ्यात जास्त मासे असं समजू नका. थर पडलेल्या तळ्यात उन्हाळ्याच्या शेवटी तळाशी प्राणवायू फार कमी उरतो. लव्हाळ्याची कड, पडलेलं झाड, पाण्यात शिरलेली जमिनीची जीभ, ओढा तळ्याला मिळतो ते तोंड. अशा जागा बघा.

सामान कमी घ्या. दोन मीटरच्या आसपासची हलकी काठी, साधं रीळ, बारीक तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, पाण्यावर तरंगणारा एक फ्लोट, त्याखाली चिमटीने दाबून बसवायची बारकी वजनं आणि आठ किंवा दहा नंबरचा गळ. नंबराचं गणित उलटं असतं, दुकानात गोंधळू नका: दहा नंबरचा गळ आठ नंबरपेक्षा लहान. एक नंबराच्या पुढे मात्र 1/0, 2/0 असं सुरू होतं आणि तिथे आकडा वाढला की गळ मोठा होतो. मोठा गळ म्हणजे मोठा मासा असं डोक्यात घेऊन नवखे लोक अंगठ्याएवढा गळ लावून दिवसभर बसतात. लहान गळाला लहान मासा लागतो आणि मोठाही लागू शकतो. परवाना लागतो का, कोणत्या जाती आणि किती लांबीच्या खालचे मासे परत सोडायचे, हे कॅम्पग्राउंडच्या कार्यालयात आधी विचारा. वजनं शिशाची नसलेली मिळाली तर ती घ्या. पाणपक्षी खड्यांबरोबर शिसं गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनने याच कारणाने 1987 मध्ये मासेमारीच्या बहुतेक शिसाच्या वजनांवर बंदी आणली.

गाठ नीट शिका, कारण मासे हातचे जातात ते बहुधा गाठीपाशी. तंगुसाचं टोक गळाच्या छिद्रातून ओवा, वीतभर बाहेर काढा. ते टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग टोक छिद्रालगत जे छोटं कडं तयार झालंय त्यातून न्या, आणि तिथे जी मोठी कडी पडते तिच्यातूनही परत काढा. आता लगेच ओढू नका. गाठीला थुंकी लावा. हसण्यावारी नेऊ नका. कोरडं तंगूस घासून आवळलं की उष्णतेने तिथेच कमकुवत होतं. ओली गाठ सावकाश ओढली की वेटोळी एकमेकांना चिकटून शिस्तीत बसतात, आणि ती तशी बसली की नाही हे बोटाला कळतं. वेटोळं वेटोळ्यावर चढलं असेल तर कापून पुन्हा बांधा.

आमिषाला गांडूळ पुरे. फ्लोट असा सरकवा की गांडूळ तळापासून वीतभर वर लोंबत राहील. फ्लोट थरथरला की लगेच झटका देऊ नका, मासा चव बघत असतो. फ्लोट तिरका होऊन चालायला लागला किंवा गडप झाला की मनगटानेच हलकं उचला. सोडून द्यायचा मासा असेल तर हात आधी ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याची कातडी राखतो आणि कोरड्या हाताने तो निघतो. गळाच्या टोकाची उलटी कूस, म्हणजे मागे वळलेला बारीक काटा, पक्कडीने दाबून सपाट केलेली असेल तर गळ सहज सुटतो, माशातूनही आणि माणसातूनही. कूस असलेला गळ बोटात रुतला तर घाबरून मागे उपसू नका. तंगुसाचा फास गळाच्या वाकाला अडकवा, दुसऱ्या हाताने गळाची दांडी कातडीवर टेकवून खाली दाबून धरा, म्हणजे कूस मांसातून सुटते, आणि फास एका झटक्यात मागे, दांडीच्या रेषेत खेचा. डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात असेल तर हात न लावता दवाखाना. मुलांना गळ टाकायला द्याल तेव्हा डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि टाकण्याआधी मागे वळून बघायची सवय, या तीन गोष्टींवर अडून बसा.

राहिला तंबू. पाण्यापासून साठ मीटर तरी लांब आणि शक्यतो थोडा वर लावा. पहिलं कारण थंडी: रात्री गार हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन सखल भागात साचते, आणि तळं हा त्या परिसरातला सगळ्यात सखल भाग. दहा-पंधरा पावलं चढून गेलात तरी फरक अंगाला कळतो. दुसरं कारण ओल. झोपलेला एक माणूस रात्रभरात श्वासातून अर्धा पेला पाणी तरी बाहेर टाकतो. पाण्यालगतच्या हवेत आधीच दमटपणा असतो, मग ते सगळं तंबूच्या कापडावर आतून जमतं आणि पहाटे टपटप अंगावर पडतं. लोक म्हणतात तंबू गळका निघाला. बरेचदा तो गळका नसतो, बंद असतो; वरच्या खिडक्या थंडीतही बोटभर उघड्या ठेवा. तिसरं कारण पाण्याची पातळी. काठावर वाळक्या काटक्या आणि कचऱ्याची एक रेघ दिसते, पाणी अलीकडे कुठवर येऊन गेलं ते ती सांगते. चौथं कारण तुमच्या पाच वर्षांच्या मुलाचं: अंधारात लघवीला उठलेलं लहान मूल तंबूच्या दारातून उताराकडेच चालत जातं. त्या उताराच्या शेवटी पाणी नको.

तंबूच्या वर वाळकी फांदी नाही ना हे मान वर करून बघा. दार वारा येतो त्याच्या उलट बाजूला. खुंट्या ताणदोरीच्या उलट्या बाजूला कलत्या ठोका. आणि विस्तव तंबूच्या बाहेरच राहिला पाहिजे. स्वयंपाक झाल्यावर धुमसणारी कोळशाची शेगडी ऊब म्हणून आत घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस जागाच होत नाही.

आकाश गडगडलं तर पाण्यातून तत्काळ बाहेर या, गळाची काठीही खाली ठेवा. ढग डोक्यावर नसला तरी गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. तंबू विजेपासून वाचवत नाही. पत्र्याचं छप्पर असलेल्या बंद गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं तिथेच राहा. पोरं पंचविसाव्या मिनिटाला भंडावतील.

भांडी, कपडे, अंघोळ हे सगळं तळ्यापासून साठ मीटर लांब, पाणी बादलीने नेऊन. ‘निसर्गस्नेही’ साबणालाही तळ्यात जागा नाही. तो जिरायला माती लागते. माशांची आतडी आणि उरलेलं अन्न तंबूजवळ ठेवलं तर रात्री कोण येईल ते जागेवर अवलंबून आहे, पण कुणीतरी येतंच. तळ्याचं पाणी प्यायचं असेल तर खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

निघायच्या सकाळी काठावरून एक शेवटची फेरी मारा आणि तुटलेल्या तंगुसाचे तुकडे वेचा, स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही. पक्ष्यांच्या पायांत ते अडकतात. मोठ्या मुलांना हे काम द्या, नजर तीक्ष्ण असते. उरलेली गांडुळं किंवा जिवंत आमिष तळ्यात ओतू नका. बूट, जाळी, जाकिटं, रबरी वस्तू यांचं पाणी निथळून त्या घरी कडकडीत वाळवा, मगच दुसऱ्या तळ्यावर न्या. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत 1980च्या दशकात जहाजांत तोल राखायला भरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपला हा परका जीव आला आणि पुढे नावांना चिकटून तळ्या-तळ्यांत पोचला. तुमच्या बुटातल्या चमचाभर पाण्यातूनही असं काहीतरी जाऊ शकतं. तंबूही ओलाच गुंडाळून माळ्यावर टाकू नका. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी उघडून पसरा, मग त्याला बुरशी धरणार नाही.